स्पिंडल हळू फिरवला की तापतो, जोरात फिरवला की शांत. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये काय चुकतंय?

सागवानी_ठाणे

नमस्कार. वागळे इस्टेटला रोड नंबर १६ च्या जवळ आमचा छोटा गाळा आहे. बाबांचं मूळ काम सुतारकाम, देव्हारे आणि चौरंग. गेली सहा वर्षं मी त्याच गाळ्यात सीएनसी राउटरवर जाळ्या, नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्यांच्या कमानी कापते. आत्तापर्यंत मशिनवर साधा हँड राउटर बांधलेला होता. त्याचे कार्बन ब्रश सारखे झिजायचे, आणि आवाज असा की शेजारच्या गाळ्यात फोनवर बोलणं अशक्य. म्हणून यंदा मखरांच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत पाण्यावर थंड होणारा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, घेतला.

नेमप्लेट अशी: २.२ किलोवॉट, २२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, २४००० आरपीएम, ८.५ अँपिअर. कटर पकडणारा कॉलेट ईआर २०. ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा) हुआनयांगचा, एचवाय मालिकेतला, २२० व्होल्टचा, तोही २.२ किलोवॉट. कंट्रोलर अर्डुइनो उनोवर जीआरबीएल १.१ (मशिन चालवणारं सॉफ्टवेअर), आणि मध्ये त्याच्या पीडब्ल्यूएमचे, म्हणजे वेगाच्या सिग्नलचे, ० ते १० व्होल्ट करणारं छोटं बोर्ड. पॅनेल एका ओळखीच्या माणसाने बांधून दिलं, ड्राइव्हचं सेटिंगही त्यांनीच केलं. मॅन्युअल मी वाचलंय, पण त्यातलं इंग्रजी असं आहे की दोनदा वाचूनही अर्थ लागत नाही.

आता जे दिसतंय ते. नवीन स्पिंडलचे बेअरिंग आधी हळू फिरवून बसवायचे, ६००० आरपीएमवर वीस मिनिटं तरी, असं सगळ्यांनी सांगितलं. ड्राइव्हच्या बटणांनी १०० हर्ट्झ दिले तर स्क्रीनवर आरपीएम २८८० दिसला. कमी वाटला म्हणून वाढवत गेले. स्क्रीनवर ६००० दिसले तेव्हा हर्ट्झ होते २०८. काहीही कापत नव्हते, कॉलेट रिकामा. तरी स्पिंडल जाड आवाजात घुमत होता, स्क्रीनवर करंट ५.८ अँपिअर, आणि सात-आठ मिनिटांत बॉडीवर हात ठेववेना. पाणी फिरत होतं, बादलीत पडणारी धार मी स्वतः बघत होते. घाबरून बंद केला.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, एकदा पूर्ण वेगाने फिरवून तर बघ. ४०० हर्ट्झला नेला. स्क्रीनवर ११५२०, त्याच्या पुढे जात नाही. पण आवाज एकदम स्वच्छ, करंट २.४ अँपिअर, आणि दहा मिनिटांनीही बॉडी जेमतेम कोमट. यंत्र हळू चालवल्यावर तापतं आणि जोरात चालवल्यावर थंड राहतं, हे मला काही केल्या उमगत नाहीये. आणि २४००० चा स्पिंडल ११५२० वरच का अडतो? मोटर अर्ध्या ताकदीची माथी मारली की काय, अशी शंका येते.

कॉम्प्युटरवरून चालवला तर एस १२००० (१२००० आरपीएमची आज्ञा) दिल्यावर स्क्रीनवर ११५२० येतं. जवळपास जुळतंय म्हणून ते चालवून घेतलं. ६ मिलिमीटरचा दोन धारांचा कटर लावून, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १५०० मिलिमीटर ठेवून सागवानाची एक कमान कापली. कडा काळ्या पडल्या, गाळाभर जळका वास. हँड राउटरवर हे कधी झालं नव्हतं.

बंद करताना कधीकधी स्क्रीनवर ई.ओयू.डी येतं. आणि स्पिंडल चालू झाल्या झाल्या पाचातून दोनदा जीआरबीएल 'अलार्म १' देऊन थांबतं. लिमिट स्विचला काहीही लागलेलं नसतं. एकदा तर यूएसबीच तुटली आणि अर्धी कापलेली जाळी फेकावी लागली. पॅनेलमध्ये नॉइज फिल्टरचा डबा आहे, तरीही.

अजून एक बारीकशी गोष्ट. चप्पल काढून उभी असले आणि मशिनच्या बेडला हात लागला, तर मुंग्या आल्यासारखं होतं. पावसामुळे असेल.

पहिली मखरं श्रावण लागायच्या आत द्यायची आहेत. कुणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

रबाळ्याचा_पॅनेलवाला

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय ते सगळ्यात आधी. मुंग्या पावसामुळे येत नाहीत. मशिनच्या बॉडीला अर्थ पोचलेला नाही. मेन स्विच पाडा आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत मशिन कुणालाही चालू करू देऊ नका, बाबांनाही नाही.

त्या फिल्टरच्या डब्यात छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थच्या टोकाला जोडलेले असतात. अर्थ नीट असेल तर त्यांच्यातून जाणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असेल तर पॅनेल, बेड, गँट्री सगळं मिळून साधारण ११५ व्होल्टवर तरंगतं. करंट बारीक, म्हणून मुंग्यांवर निभावतंय. उद्या स्पिंडलच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटलं तर त्याच बेडवर मोठा करंट येईल, आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असाल. बावीस वर्षं पॅनेल बांधतोय. या एका गोष्टीवर मी कुणाशी तडजोड करत नाही.

लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मशिनच्या सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत, तिसरं एक-दोन व्होल्टच्या आसपास. फेज-अर्थ मधेच कुठेतरी शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर वायर तुटलेली आहे असं धरा. स्पिंडलच्या गोल प्लगमध्ये चार पिना असतात. चौथी पिन अर्थची, पण पुष्कळ स्पिंडलमध्ये ती आतून बॉडीला जोडलेलीच नसते. मल्टिमीटरने पिन आणि बॉडी यांच्यात बीप येतो का बघा.

ही पिनेची तपासणी मेन पाडून, आणि वर दहा मिनिटं थांबून. स्क्रीन विझली म्हणजे ड्राइव्ह मेला असं नसतं, आतले कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट डीसी धरून बसलेले असतात.

तुमच्या गाळ्यात थ्री फेज असेलच. ड्राइव्हवर आर, एस, टी अशी तीन टर्मिनल दिसतात म्हणून तिथे थ्री फेज आणून जोडणारे मी पाहिलेत. हा २२० व्होल्टचा ड्राइव्ह आहे आणि आपल्याकडे दोन फेजमध्ये ४१५ असतात. एक फेज, एक न्यूट्रल, बस. आणि यू, व्ही, डब्ल्यूवर सप्लाय कधीच नाही.

तापण्याबद्दल माझा अंदाज पक्का आहे, पण आकडे बघितल्याशिवाय बोलत नाही. अर्थिंग झाल्यावर ड्राइव्ह चालू करा, स्पिंडल नाही, आणि हे पॅरामीटर वाचून इथे लिहा: पीडी००१, ००२, ००४, ००५, ००८, ०११, ०१४, ०१५, ०७०, ०७२, १४१, १४२, १४३, १४४.

सागवानी_ठाणे

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मेन तेव्हाच पाडला. काल इलेक्ट्रिशियन येऊन गेले. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ११८ आणि तोही हलता आकडा. बोर्डाच्या मागे हिरवी वायर आखूड पडली म्हणून तशीच टेप लावून सोडलेली होती. कधीपासून, देव जाणे. आता मेन अर्थपर्यंत नवीन वायर ओढली, पॅनेलच्या पट्टीवर लग मारून घेतले. फेज-अर्थ २३१ आहे. मुंग्या गेल्या. स्पिंडलच्या चौथ्या पिनेला बीप नाही, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच.

पॅरामीटर: पीडी००१ = १, ००२ = १, ००४ = ३००, ००५ = ४००, ००८ = २२०, ०११ = ०, ०१४ = ३, ०१५ = २, ०७० = ०, ०७२ = ४००, १४१ = २२०, १४२ = १२, १४३ = ४, १४४ = १४४०.

पॅनेल करणाऱ्यांशी शेवटी बोलणं झालं. त्यांनी एका कपाटं करणाऱ्या कारखान्यातल्या मशिनची सेटिंग उतरवून घेतली होती, फक्त कमाल हर्ट्झ आमच्या नेमप्लेटप्रमाणे बदलले.

रबाळ्याचा_पॅनेलवाला

शाब्बास. सगळं या यादीत आहे.

कपाटवाल्यांकडे बहुतेक १८००० चे स्पिंडल असतात, ३०० हर्ट्झचे. त्यांच्यासाठी पीडी००४ ला ३०० बरोबर आहे. तुमचा ४०० चा. पीडी००५ म्हणजे ड्राइव्ह जास्तीत जास्त किती हर्ट्झपर्यंत जाईल ती हद्द. पीडी००४ म्हणजे कुठल्या हर्ट्झला मोटरला पूर्ण २२० व्होल्ट मिळतील तो टप्पा. लोक पहिला बदलतात, दुसरा विसरतात.

मोटरला व्होल्ट आणि हर्ट्झ ठरलेल्या प्रमाणात लागतात. तुमच्या स्पिंडलला २२० भागिले ४००, म्हणजे हर्ट्झमागे ०.५५ व्होल्ट. सध्याच्या सेटिंगने ड्राइव्ह देतोय २२० भागिले ३००, म्हणजे ०.७३. तिसरा हिस्सा जास्त. २०८ हर्ट्झला मोटरला ११५ व्होल्ट पुरे होते, तिला १५३ मिळाले. जास्तीच्या व्होल्टने वेग वाढत नाही, वेग हर्ट्झवर ठरतो. तो दाब फक्त लोखंडात जास्त चुंबकत्व भरतो. लोखंडाची भूक संपली की करंट उसळतो आणि त्याची नुसती उष्णता होते. तो जाड घुमणारा आवाज त्याचाच. ३०० च्या पुढे व्होल्ट २२० वरच थांबतात आणि हर्ट्झ वाढत राहतात, म्हणून प्रमाण आपोआप सुधारत जातं. ४०० ला ते बरोबर ०.५५ होतं. म्हणून पूर्ण वेगाला तुमचा स्पिंडल शांत. तुम्ही दोन्ही वेगांचे करंट लिहिलेत म्हणून मला वाचतानाच अंदाज आला. नुसतं 'तापतो' म्हणाला असतात तर मी आधी पाण्याच्या पंपावर संशय घेतला असता.

आता ११५२०. ड्राइव्हला स्पिंडलचा वेग कळत नाही, तो फक्त गुणाकार करून आकडा दाखवतो. पीडी१४४ मध्ये ५० हर्ट्झला किती आरपीएम ते सांगायचं असतं. तिथे साध्या चार पोलच्या मोटरचे १४४० पडलेत. १४४० गुणिले ८, झाले ११५२०. स्पिंडल तेव्हा खरोखर २४००० च्या आसपासच फिरत होता. दोन पोलची मोटर, हर्ट्झ गुणिले ६०, एवढा हिशोब डोक्यात ठेवा. म्हणजे तुमचं '६०००' हे साडेबारा हजार होतं, आणि आधी १०० हर्ट्झला दिसलेले २८८० हेच खरे ६०००. तुमची मोटर अर्ध्या ताकदीची नाही, विकणाऱ्यावर राग धरू नका.

स्पिंडल थांबलेला असताना याच क्रमाने बदला. आधी पीडी००५ ला ४०० आहे ना ते पक्कं करा, कारण बाकीचे हर्ट्झ त्याच्या वर जाऊ शकत नाहीत. मग ००४ ला ४००. ०११ ला १००, म्हणजे चुकूनही ६००० च्या खाली रेंगाळणार नाही. १४२ ला ८.५. तिथे १२ ठेवले तर स्पिंडल जळेपर्यंत ड्राइव्ह ओव्हरलोड धरणारच नाही. १४३ ला २, १४४ ला ३०००. ०१४ ला ८ सेकंद आणि ०१५ ला १२. ई.ओयू.डी म्हणजे थांबताना व्होल्ट चढले. दोन सेकंदांत २४००० वरून शून्यावर आणायला गेलं की फिरता रोटर जनरेटर होतो आणि ती वीज ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये परत येते. ब्रेक रेझिस्टर नसेल तर त्याला वेळ द्यायचा, दुसरा इलाज नाही.

एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. पुढे कधी कुणी 'पीडी०१३ ला ८ टाकून फॅक्टरी रीसेट कर' म्हणालं तर रीसेटनंतर स्पिंडलला हात लावायचा नाही. बेस, म्हणजे पीडी००४, परत ५० होतो. ५० हर्ट्झला या स्पिंडलला साडेसत्तावीस व्होल्ट पुरतात, तिथे २२० जातील. आठपट. नशीब असेल तर ड्राइव्ह ट्रिप होईल. माझ्यासमोर असे दोन स्पिंडल गेलेत.

चालू करण्याआधी वाइंडिंग मेगर करून घ्या, म्हणजे त्याचं इन्सुलेशन तपासा, ५०० व्होल्टच्या मेगरने. पण यू-व्ही-डब्ल्यूच्या तारा ड्राइव्हमधून काढून मगच, नाहीतर मेगर ड्राइव्ह मारेल. सात-आठ मिनिटांत काही बिघडलं असेल असं वाटत नाही, तरी बघितलेलं बरं. आणि ड्राइव्ह ते स्पिंडल या वायरमध्ये एमसीबी, कॉन्टॅक्टर, स्विच काहीही नको. चालू असताना ते तुटलं तर ड्राइव्हच्या आउटपुटवर बसतं.

तुर्भे_एमडीएफ

काळ्या कडांचं उत्तर काकांच्या हिशोबातच आहे. फीड १५००, दोन धारा, वेग ११५२० समजून तुम्ही कापलंत. म्हणजे तुमच्या मते प्रत्येक धार ०.०६५ मिलिमीटर लाकूड काढत होती. खरा वेग २४०००, म्हणजे धारेमागे ०.०३१. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. सागवानात तेल असतं, ते करपतं आणि कटरवर काळा थर धरतं. हाताने बघा, भुसा पिठासारखा पडत असेल. चांगल्या कापाचा भुसा चिमटीत कण कण लागतो.

मी ६ मिलिमीटरच्या दोन धारांना सागवानात १६००० आणि ३००० फीडपासून सुरुवात करतो, एका पासला ३ मिलिमीटर खोली. धारेमागे ०.०९ पडतं. एमडीएफला १८००० आणि ४०००, मशिन तेवढं पळत असेल तर. करपलेला कटर मात्र आता बाजूला ठेवा, त्याची धार गेली असणार. तोच वापरलात तर बरोबर वेगालाही कडा काळ्याच येतील आणि तुम्ही परत सेटिंगला दोष द्याल.

ऐरोली_सर्किट

दोन गोष्टी राहिल्यात. एक, जीआरबीएल. एस १२००० दिल्यावर पूर्ण ४०० हर्ट्झ का गेले? जीआरबीएलमध्ये डॉलर ३० म्हणजे कमाल आरपीएम, आणि ते मुळात १००० असतं. त्याच्या वरचा कुठलाही एस दिला की तो पूर्ण पीडब्ल्यूएम सोडतो. तुम्ही ५००० दिले असते तरी स्पिंडल पूर्ण वेगानेच गेला असता. डॉलर ३० ला २४००० करा. मग स्पिंडलच्या तारा काढलेल्या असतानाच एस २४००० देऊन कन्व्हर्टर बोर्डाच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावा. बरोबर १० व्होल्ट येईपर्यंत त्यावरचा प्रीसेट (व्होल्ट जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवा. एस १२००० ला ५ यायला हवेत. १२००० आणि ११५२० हे दोन चुकीचे आकडे शेजारी शेजारी पडले, म्हणून तुम्हाला शंका आली नाही. कुणालाही आली नसती.

दोन, खोटा अलार्म. ड्राइव्हच्या आउटपुटला गुळगुळीत एसी नसतो, सेकंदाला हजारो वेळा ३०० च्या वर व्होल्ट उघडझाप करत असतात. स्पिंडलची साधी केबल म्हणजे मग एक लांब अँटेना. तुमच्या ड्रॅग चेनमध्ये तिच्याच कुशीत लिमिट स्विचच्या वायरी असतील. अर्डुइनोच्या इनपुटवर आतला पुल-अप (इनपुटची पातळी वर धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, फार कमकुवत. तेवढ्यावर नॉइजने पातळी खाली ओढली की जीआरबीएलला स्विच दाबल्यासारखं वाटतं.

अर्थिंग झालंय, त्याने निम्मं काम होईल. नॉइज परत जायला वाटच नव्हती, तुमचा फिल्टरही त्याशिवाय निकामी. आता स्पिंडलला चार कोरची जाळीवाली शिल्डेड केबल घाला, १.५ स्क्वेअर मिलिमीटर. चौथा कोर अर्थ. तो चौथ्या पिनेवर अवलंबून न ठेवता लग मारून थेट स्पिंडलच्या क्लॅम्पच्या स्क्रूला आवळा. अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर करंट जात नाही, तिथला रंग खरवडून चकचकीत धातू काढा. शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करा. एकाच टोकाला करायची असं बरेच जण सांगतील. ते कमी फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलच्या वायरीसाठी खरं आहे, तुमच्या ० ते १० व्होल्टच्या वायरीची शिल्ड एकाच टोकाला ठेवा. मोटरच्या केबलला दोन्हीकडे.

लिमिटच्या वायरी चेनच्या दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही केबल एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू द्या. स्विच एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) करा आणि जीआरबीएलला ते उलटे वाचायला सांगणाऱ्या डॉलर ५ ला १ द्या. वायर तुटली तरी मग मशिन थांबतं, डोळे मिटून आदळत नाही. प्रत्येक इनपुटला ५ व्होल्टकडे २.२ किलोओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड. पाच-दहा रुपयांचं काम आहे. यूएसबी केबल दीड मीटरच्या आतली, दोन्ही टोकांना फेराइट असलेली, आणि पॅनेलपासून लांब.

सागवानी_ठाणे

सगळ्यांना कळवते. आठवडा लागला, कारण घाईत परत चूक करायची नव्हती.

मेगरचं काम काकांनी सांगितलं तसं तारा सोडवून केलं. तिन्ही वाइंडिंग बॉडीला १०० मेगओहमच्या वर, आपापसातला रेझिस्टन्स तिन्ही जोड्यांना सारखा. तो आकडा बघेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता, एवढे पैसे त्या एका नळकांड्यात गेलेत.

शिल्डेड केबलसाठी लोहार चाळीला गेले. ठाण्यात दोन दुकानांत फॉइलवाली दाखवली, मला जाळीवाली हवी होती. दुकानदाराने कापून शिल्ड सोलून दाखवली, मगच सहा मीटर घेतली. क्लॅम्पवरचा काळा थर कानशीने काढला आणि लग आवळला. स्पिंडलची बॉडी ते पॅनेलची पट्टी, बीप लगेच.

मग पीडी००५, ००४ आणि बाकी सगळे त्याच क्रमाने. १०० हर्ट्झ दिले. स्क्रीनवर ६०००. करंट २.१ अँपिअर. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी दोनदा विचारलं, चालू आहे ना नक्की? घुमण्याचा आवाजच गेलाय, पंपाच्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज स्पिंडलपेक्षा मोठा. ६००० वर वीस मिनिटं, मग १२०००, १८०००, २४००० असा टप्प्याटप्प्याने एक तास फिरवला. बॉडी शेवटपर्यंत कोमट. बंद करताना ई.ओयू.डी एकदाही नाही.

डॉलर ३० ला २४००० केल्यावर एस २४००० ला कन्व्हर्टरवर १० व्होल्ट येत होते, प्रीसेट फिरवावा लागला नाही. आता एस १२००० दिलं की २०० हर्ट्झ आणि १२०००. नवा कटर, १६००० आणि ३००० फीड, तीच कमान परत कापली. कड पांढुरकी सोनेरी, सागवानाची असते तशी. खालचा भुसा मुठीत घेतला तर टोचतो. बाबांनी पॉलिश पेपर लावायला उचलला आणि परत ठेवून दिला.

अलार्म १ पाच दिवसांत एकदाही नाही. रेझिस्टर-कपॅसिटरचं काम मी स्वतः सोल्डर केलं, डाग ओबडधोबड आहेत पण पक्के आहेत.

एकच प्रश्न उरलाय. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगबरोबर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवलं. ते दिवसातून एक-दोनदा पडतं, बहुतेक स्पिंडल चालू करताना. ते म्हणतात, मशिनपुरतं बायपास करू. मला ते पटत नाहीये.

रबाळ्याचा_पॅनेलवाला

पटू देऊही नका. बायपास नाही.

अर्थ तुटलेला होता तेव्हा फिल्टरचा आणि केबलचा गळणारा करंट जायला जागाच नव्हती. आता तो अर्थमधून जातोय, आणि जायलाच हवा. फिल्टर, ड्राइव्ह आणि लांब शिल्डेड केबल मिळून तो ३० च्या जवळ पोचतो, सुरू होताना एक उसळी घेतो आणि आरसीसीबी पडतं. आरसीसीबीच्या अंगावर टाइप लिहिलेला असतो. तुमचा बहुधा एसी असेल. ड्राइव्हमधून गळणारा करंट सरळ ५० हर्ट्झचा नसतो, त्यामुळे एसी टाइप कधी उगाच पडतो आणि कधी पडायला हवं तेव्हा पडत नाही. सिंगल फेज ड्राइव्हला एफ टाइपचा मागा, थ्री फेजला बी.

मशिनसाठी वेगळी लाइन काढा: ४ स्क्वेअर मिलिमीटर वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि स्वतंत्र आरसीसीबी. आत्ताचा ३० वाला तसाच राहू द्या, पण हातातल्या मशिनी, पंप, दिवे अशा सॉकेटांसाठी. पंपाला तर तो हवाच, पाण्यात आहे तो. मशिनच्या लाइनवर एफ टाइप ३० वाला टिकतो का ते आधी बघा. नाहीच टिकला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या, आकडा इथे टाका, मग १०० चा चालेल का ते बोलू.